यानाची त्वचा आणि हवेचा क्षोभ

नाशिक जिल्ह्याला विमानांचा आवाज नवा नाही. मिग-२१ या लढाऊ विमानाच्या निर्मितीसाठी १९६४ साली ओझर येथे कारखाना उभा राहिला. तेव्हापासून निफाड-दिंडोरीच्या शेतांत काम करणाऱ्या माणसांनी मान वर करून आकाशाकडे पाहावे, हा इथला नित्याचा क्रम झाला. पुढे याच ठिकाणी सुखोई-३० एमकेआय विमाने तयार होऊ लागली. २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन सुखोईने पहिले उड्डाण केले, ते ओझरच्याच धावपट्टीवरून. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे जुळणी झालेले तेजस एमके-१ए विमानही आकाशात झेपावले. आपल्या परिसरातील कित्येक कुटुंबांची चूल या कारखान्याच्या आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांच्या आधाराने पेटली, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

ओझरची लढाऊ विमाने ध्वनीच्या साधारण दुप्पट वेगापर्यंत जाऊ शकतात. ब्राह्मोसचा वेग ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट आहे. जगभरातील प्रयोगशाळा आज त्यापुढच्या पायरीवर झटत आहेत. ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाला हायपरसॉनिक वेग म्हणतात. वर्तमानपत्रांतून या विषयाच्या बातम्या येतात तेव्हा त्यांत वेगाचे आणि पल्ल्याचे आकडे असतात. या लेखात आम्ही वाचकांचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे त्या यानाची त्वचा. हवेला स्पर्श करणारा पृष्ठभाग कसा घडवला आहे, त्यावर केसाहूनही बारीक छिद्रे आहेत की बोटभर उंचवटा आहे, यावरून हवा कशी वाहील हे ठरते. आणि हवा कशी वाहते यावरून ते यान सुखरूप राहील की जळून जाईल, हे ठरू शकते.

वेग आणि उष्णता

समुद्रसपाटीजवळ ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उंचावरच्या थंड हवेत हा वेग थोडा कमी होतो. यानाचा वेग ध्वनीच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाच्या नावावरून माख अंक म्हणतात. ३० किलोमीटर उंचीवर माख ६ म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ किलोमीटर. या गतीने नाशिकहून मुंबईला पोहोचण्यास दीड मिनिट पुरे.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. यान भरधाव वेगाने हवेत घुसते तेव्हा समोरच्या हवेला बाजूला सरण्यास अवसरच मिळत नाही. ती यानाच्या नाकापुढे दाबली जाते, तेथे आघात तरंग निर्माण होतो आणि हवेच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते. माख २ च्या वेगाने ११ किलोमीटर उंचीवर उडणाऱ्या विमानाच्या नाकाशी अडलेली हवा सुमारे ११५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पाणी उकळण्यास हे पुरेसे असले तरी ॲल्युमिनियमला त्यापासून धोका नाही. माख ६ ला मात्र हेच तापमान दीड हजार अंशांच्या आसपास जाते. पोलाद साधारण याच तापमानाला वितळते; ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच पाणी होते. वेग तिप्पट झाला, पण तापमान केवळ तिप्पट झाले नाही. कारण ही उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

एवढ्या तापलेल्या हवेतून यानाच्या अंगाला किती उष्णता पोहोचते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या एका पातळ थरात दडलेले आहे.

पृष्ठभागालगतचा थर

छताचा पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरीही त्याच्या पात्यांवर धूळ साचते. एवढ्या वाऱ्यात ती उडून का जात नाही? याचे कारण असे की, पात्याला अगदी लगटून असलेली हवा पात्यासोबतच फिरत असते; पात्याच्या दृष्टीने ती स्थिरच असते. पात्यापासून थोडे दूर गेले की हवेचा सापेक्ष वेग वाढत जातो आणि काही अंतरावर तो पूर्ण होतो. या मधल्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली ही कल्पना मांडली आणि आधुनिक विमानशास्त्राचा पाया घातला.

सीमास्तरातील हवा दोन प्रकारे वाहते. वारा नसलेल्या खोलीत उदबत्तीचा धूर पाहावा. आरंभी तो एका सरळ रेषेत वर जातो, थोड्या उंचीवर डळमळू लागतो आणि मग एकाएकी विस्कटून त्याची वेटोळी होतात. पहिली अवस्था स्तरीय प्रवाहाची. हवेचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकमेकांवरून शांतपणे सरकतात. दुसरी अवस्था संक्षुब्ध प्रवाहाची. त्यात थरांची सरमिसळ होते, लहान-मोठे भोवरे उठतात. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतून रंगीत पाण्याची धार सोडून या दोन अवस्थांचा पद्धतशीर अभ्यास केला.

यानाच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा ठरतो. थंडीच्या दिवसांत बादलीतील गार पाण्यावर कढत पाणी हळूच ओतले तर ते बराच वेळ वरच राहते. तळाशी हात घातला तर पाणी गारच लागते. मात्र हाताने एकदा ढवळले की ऊन पाणी तळापर्यंत जाते. संक्षुब्ध प्रवाह नेमके हे ढवळण्याचे काम करतो. सीमास्तरातील अतितप्त हवा त्याच्यामुळे पृष्ठभागापर्यंत खेचली जाते, आणि स्तरीय प्रवाहाच्या तुलनेत यानाच्या त्वचेला कित्येक पट अधिक उष्णता मिळते. हवेचे घर्षणही वाढते.

म्हणून यान आखणाऱ्यांना आधी एक गोष्ट ठरवावी लागते : शांत प्रवाह नेमका कोठे मोडेल? हे खात्रीने सांगता आले नाही, तर सुरक्षिततेसाठी संपूर्ण यानावर उष्णतारोधक आवरण जाड करावे लागते. आवरण जाड झाले की वजन वाढते, आणि वजन वाढले की इंधन, उपकरणे किंवा माणसे यांच्या वाट्याला कात्री लागते.

बोटांनी उपटलेल्या दोन पट्ट्या

पृष्ठभागावरील क्षुल्लक वाटणारी गोष्ट किती महत्त्वाची ठरू शकते, याचे उदाहरण अंतराळ प्रवासाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर त्यात मृत्यू पावले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा निखळून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता, आणि तेथे पडलेल्या भोकातून तप्त वायू पंखात शिरले. ही दुर्घटना प्रवाहाच्या क्षोभामुळे घडली नव्हती. परंतु तिच्यानंतर यानाच्या त्वचेचा प्रत्येक इंच डोळ्यांत तेल घालून तपासला जाऊ लागला.

अडीच वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, डिस्कव्हरी यान अवकाशात गेले. अशा यानांच्या अंगावर उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या सुमारे २४ हजार सिरॅमिक फरशा असत, आणि दोन फरशांमधील फटीत सिरॅमिक तंतूंच्या कापडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. कक्षेत गेल्यावर काढलेल्या छायाचित्रांत असे दिसले की, पोटाकडील दोन पट्ट्या फटीतून अडीच सेंटीमीटरच्या आसपास बाहेर आल्या आहेत. दोन कापडी पट्ट्या, एवढेच. पण परतीच्या प्रवासात हायपरसॉनिक वेगाने वाहणारी हवा त्यांना अडखळली असती, नेहमीपेक्षा आधीच संक्षुब्ध झाली असती आणि त्यामागच्या फरशांना आखणीपेक्षा जास्त उष्णता सोसावी लागली असती. ३ ऑगस्ट रोजी स्टीफन रॉबिन्सन हे अंतराळवीर यांत्रिक हाताच्या टोकावर उभे राहून यानाच्या पोटाखाली गेले आणि त्यांनी त्या दोन्ही पट्ट्या बोटांनी अलगद ओढून काढल्या. ९ ऑगस्टला यान सुखरूप उतरले.

पुढे २००९ साली याच डिस्कव्हरीच्या पंखाखाली अमेरिकन शास्त्रज्ञांनी सहा-साडेसहा मिलिमीटर उंचीचा एक उंचवटा मुद्दाम बसवला आणि परतताना त्याच्यामागे उष्णता किती वाढते, हे मोजले. ज्याची आपल्याला भीती वाटते त्याचे मोजमाप घ्यावे, ही विज्ञानाची रीत आहे.

हवेत अडकलेला ध्वनी

उंचवटे नसले, पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असला, तर प्रवाह शांत राहील का? काही काळ राहतो. पुढे तोही मोडतो. तो का मोडतो, याचे उत्तर अमेरिकेतील पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील लेस्ली मॅक यांच्या गणिती संशोधनातून १९६० च्या दशकात आणि त्यापुढे स्पष्ट होत गेले.

सामान्य वेगाच्या प्रवाहात सूक्ष्म तरंग हळूहळू वाढतात आणि त्यांतून भोवरे उठतात. मॅक यांना आढळले की, हायपरसॉनिक वेगाला याखेरीज आणखी एक प्रकारचा तरंग निर्माण होतो, आणि तो मुळात ध्वनीच असतो. विजापूरच्या गोलघुमटात ज्यांनी भिंतीला तोंड लावून कुजबुज केली असेल, त्यांना ही कल्पना चटकन उमजेल. तेथे आवाज वक्र भिंतीच्या कडेकडेने फिरत राहतो आणि पलीकडच्या माणसाला स्पष्ट ऐकू येतो. हायपरसॉनिक सीमास्तरातही ध्वनिलहरी असाच सापळ्यात सापडतात. खाली यानाचा पृष्ठभाग आणि वर वेगाने धावणारी हवा, या दोहोंच्या मध्ये त्या पुन्हा पुन्हा परावर्तित होतात, प्रवाहातून ऊर्जा घेतात आणि पुढे सरकता सरकता शेकडो, हजारो पटींनी वाढतात. शेवटी त्यांचा जोर इतका होतो की शांत थर फाटतो. या लहरींची कंपने सेकंदाला काही लक्ष असतात. आपला कान सेकंदाला २० हजार कंपनांच्या पुढे ऐकू शकत नाही; म्हणून त्यांना श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

येथे आपल्या नेहमीच्या तर्काला धक्का देणारी एक गोष्ट आहे. यानाची त्वचा थंड ठेवली तर प्रवाहही शांत राहील, असे कोणालाही वाटेल. सामान्य तरंगांच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु मॅक यांनी शोधलेल्या ध्वनिलहरींना थंड पृष्ठभाग उलट बळ देतो. आणि उड्डाणात यानाची त्वचा लगतच्या तप्त हवेहून थंडच असते. म्हणजे केवळ थंडावा पुरवून हा प्रश्न सुटत नाही. पृष्ठभागाच्या घडणीतच काही योजावे लागते.

छिद्रांची किमया

शत्रू ध्वनी आहे हे कळल्यावर उपायाची दिशाही सापडली. शाळेचे सभागृह रिकामे असते तेव्हा बोललेला शब्द घुमतो; तेच सभागृह मुलांनी भरले की घुमणे थांबते. मुलांचे कपडे आणि त्यांतील असंख्य बारीक पोकळ्या आवाज शोषून घेतात. ध्वनिमुद्रण कक्षाच्या भिंतींना सच्छिद्र आवरण लावतात, तेही याचसाठी. छिद्रांत शिरलेली हवा मागेपुढे हलताना छिद्राच्या भिंतींशी घासते, आणि ध्वनीची ऊर्जा किंचितशा उष्णतेत विरून जाते.

यानाच्या त्वचेलाही अशीच छिद्रे ठेवली तर? अलेक्झांडर फेडोरोव्ह, नॉर्मन माल्मथ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गणिताने दाखवले की, योग्य मापाची छिद्रे या श्राव्यातीत लहरींची वाढ रोखू शकतील. लगोलग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्याचा प्रयोग झाला. सुमारे एक मीटर लांबीचा निमुळता शंकू घेण्यात आला. त्याच्या अर्ध्या अंगाला गुळगुळीत पत्रा होता. दुसऱ्या अर्ध्या अंगाला सच्छिद्र पत्रा होता. त्यावरील प्रत्येक छिद्राचा व्यास ६० मायक्रॉन, म्हणजे साधारण माणसाच्या केसाच्या जाडीइतका. खोली अर्धा मिलिमीटर. दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर १०० मायक्रॉन. या हिशेबाने आपल्या करंगळीच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटीमीटर जागेत दहा हजार छिद्रे येतात. डोळ्यांना तो पत्रा सपाटच दिसावा.

हा शंकू आघात तरंगांवर चालणाऱ्या वातविवरात, म्हणजे शॉक टनेलमध्ये, ठेवून त्याच्यावर अतिवेगाने वायू सोडण्यात आला. अशा प्रयोगात प्रवाह काही सहस्रांश सेकंदच टिकतो. तेवढ्यात सर्व मोजमाप घ्यावे लागते. गुळगुळीत बाजूचा प्रवाह वाटेतच संक्षुब्ध झाला. सच्छिद्र बाजूचा प्रवाह मात्र त्याहून पुष्कळ पुढेपर्यंत, कित्येक चाचण्यांत तर शंकूच्या शेवटापर्यंत, शांत राहिला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी संशोधनाची नवी वाट खुली केली. एकच शंकू, एकच वारा, एकच क्षण. भेद होता तो केवळ त्वचेचा.

पुढचा अडथळा उघड होता. छिद्रांचा धातूचा पत्रा प्रयोगशाळेत चालेल. दीड हजार अंशांत तो कसा टिकावा? जर्मनीतील ग्योटिंगेन येथील अवकाश संशोधन केंद्राने यावर एक सुंदर मार्ग शोधला. कार्बन तंतूंपासून बनवलेल्या उष्णतारोधक पदार्थाच्या अंगातच नैसर्गिक सूक्ष्म भेगा आणि पोकळ्या असतात. एरवी हा दोष मानून त्या बुजवण्याची धडपड होते. ग्योटिंगेनच्या संशोधकांनी तोच दोष कामाला लावला, आणि हा पदार्थ उष्णता सोसता सोसता ध्वनीही शोषतो, असे प्रयोगाने दाखवले.

आणखी एक विचारधारा कोलोरॅडो विद्यापीठातील महमूद हुसेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडली. त्यांच्या कल्पनेत वरचा पृष्ठभाग अखंड राहतो. त्याच्या खाली विशिष्ट क्रमाने रचलेल्या पदार्थांचा ठोकळा असतो. प्रवाहातील तरंगाचा दाब पृष्ठभागावर पडला की तो ठोकळा असा कंप पावतो की त्याचा प्रतिसाद मूळ तरंगाच्या नेमका उलट ठरतो, आणि तरंग क्षीण होतो. झोका पुढे येत असताना विरुद्ध दिशेने हलकासा हात लावला की तो मंदावतो, तसेच काहीसे हे आहे.

मर्यादा आणि विवेक

या तंत्रांचा गाजावाजा ऐकून ती सर्वगुणसंपन्न आहेत असा समज होऊ नये. एका प्रकारच्या तरंगाला शांत करणारी छिद्रे दुसऱ्या, सामान्य प्रकारच्या तरंगाला किंचित चिथावणीही देतात. म्हणून ती कोठे ठेवावीत, किती खोल असावीत, याचा हिशेब प्रत्येक यानाच्या आकारानुसार आणि वेगानुसार वेगळा करावा लागतो. छिद्र गरजेपेक्षा मोठे झाले की ते स्वतःच खडबडीतपणा ठरते आणि हवेला अडखळवते. धूळ बसली, पावसाचा थेंब आदळला, उष्णतेने कडा झिजली, तर घडण बदलते. यामुळे या पृष्ठभागांचा अभ्यास आजही मुख्यतः प्रयोगशाळांतच चालू आहे.

शिवाय प्रत्येक ठिकाणी शांत प्रवाहच हितकर असतो असेही नाही. क्रिकेटचा चेंडू वळतो तो शिवणीने हवेला क्षुब्ध केल्यामुळे, हे गोलंदाजी करणाऱ्या मुलांना अनुभवाने ठाऊक असते. हायपरसॉनिक यानाच्या इंजिनात हवा शिरते त्या तोंडाशी स्तरीय प्रवाह पृष्ठभागापासून सहज सुटतो. हवा सुटली की इंजिन गुदमरते. संक्षुब्ध प्रवाह मात्र पृष्ठभागाला घट्ट धरून राहतो. २००४ साली माख ६.८ आणि नंतर माख ९.६ पर्यंत पोहोचलेल्या अमेरिकेच्या एक्स-४३ए या मानवरहित यानाच्या पुढच्या अंगावर याच कारणासाठी छोटे उंचवटे हेतुतः बसवले होते. डिस्कव्हरीवर अवघ्या दोन पट्ट्यांनी चिंता निर्माण केली, तर एक्स-४३ए वर उंचवट्यांनीच इंजिनाचा श्वास चालू ठेवला. कोठे शांतता हवी आणि कोठे क्षोभ, हे जाणून पृष्ठभाग घडवणे हेच या शास्त्राचे सार आहे.

भारतातील वाटचाल

या विषयात आपला देश केवळ प्रेक्षक नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९५० च्या दशकात सतीश धवन आणि त्यांचे तरुण विद्यार्थी रोद्दम नरसिंह यांनी शांत प्रवाह क्षुब्ध होण्याच्या मधल्या अवस्थेचा अभ्यास केला. प्रवाह एका फटक्यात मोडत नाही. आधी त्यात क्षोभाचे ठिपके उमटतात, ते पसरत जातात आणि शेवटी सर्व प्रवाह व्यापतात. हे ठिपके कोठे जन्मतात आणि त्यांचे प्रमाण कसे वाढते, याचे सूत्र या दोघांच्या संशोधनाने दिले. १९५८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध जगभरचे अभ्यासक आजही वापरतात. स्वातंत्र्याला जेमतेम दशक झाले होते, साधने तुटपुंजी होती. तरी मोजमाप नेमके होते.

२३ मे २०१६ रोजी इस्रोने पंख असलेले आरएलव्ही-टीडी हे प्रायोगिक यान श्रीहरिकोटाहून सोडले. ६५ किलोमीटर उंची गाठून ते माख ५ च्या वेगाने वातावरणात परतले आणि बंगालच्या उपसागरावर उतरले. त्याच्या अंगावर सिलिकाच्या उष्णतारोधक फरशा होत्या. ७ सप्टेंबर २०२० रोजी संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या हायपरसॉनिक यानाने ओडिशाच्या किनाऱ्यावरील डॉ. अब्दुल कलाम बेटावरून झेप घेतली. ३० किलोमीटर उंचीवर ते अग्निबाणापासून वेगळे झाले आणि त्याचे स्क्रॅमजेट इंजिन वीस सेकंदांहून अधिक काळ चालले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हैदराबादला माख ५ ते १२ या वेगांसाठी मोठे वातविवर सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये तेथेच स्क्रॅमजेटच्या ज्वलनकक्षाची १२० सेकंदांची जमिनीवरील चाचणी झाली आणि एप्रिलमध्ये हा काळ हजार सेकंदांच्या पुढे गेला. या ज्वलनकक्षासाठी पोलादाच्या वितळणबिंदूपलीकडेही काम करू शकणारा सिरॅमिकचा लेप आपल्याच शास्त्रज्ञांनी विकसित केला. आपल्या महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटीतही शॉक टनेल आहे आणि तेथे विद्यार्थी हायपरसॉनिक प्रवाहावर प्रयोग करतात.

यातील बराचसा खटाटोप क्षेपणास्त्रांसाठी आहे, हे आम्ही मुलांपासून लपवू इच्छित नाही. ज्या ज्ञानाने अंतराळवीर सुखरूप घरी परततो, तेच ज्ञान विनाशाचे साधनही अधिक वेगवान करते. मैत्री आणि करुणेचे पाठ देणाऱ्या शाळेने या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. पृष्ठभागाच्या छिद्राला हेतू नसतो. हेतू माणसाचा असतो. म्हणून शास्त्र शिकणाऱ्याने त्याचा वापर कोण, कशासाठी करतो हेही विचारले पाहिजे, आणि असे विचारण्याचा अधिकार शास्त्र नीट शिकल्यानेच बळकट होतो.

आपल्या मुलांसाठी

इतिहासाचे शिक्षक या नात्याने एका घटनेची नोंद येथे करणे आम्हास अगत्याचे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना एक विस्तृत निवेदन सादर केले. अस्पृश्य समाजातील मुलांनी केवळ कला आणि कायदा शिकून भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण त्यांना मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी शासनाने देशात व परदेशात शिष्यवृत्त्या द्याव्यात, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. ज्यांना विहिरीच्या पाण्याला स्पर्श करू दिला जात नव्हता, त्यांच्या मुलांनी प्रगत यंत्रशास्त्रापर्यंत पोहोचावे, असा त्यामागचा आग्रह होता.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत, ओझरमध्ये, आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत काम करतात. पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे हे मायक्रॉनमध्ये मोजणे, ग्राइंडिंग करणे, लेप चढवणे, तडा गेला आहे का हे तपासणे, ही त्यांची रोजची कामे आहेत. हायपरसॉनिक यानाच्या त्वचेचे शास्त्र याच कामाच्या पुढच्या इयत्तेत बसते. साठ मायक्रॉनचे छिद्र कसे पाडावे आणि ते साठच मायक्रॉनचे आहे याची खात्री कशी करावी, हा प्रश्न प्रयोगशाळेत जितका शास्त्रज्ञाचा आहे तितकाच कुशल कारागिराचा आहे. जो हात आज कारखान्यात मायक्रोमीटर धरतो, त्याच्या घरातील पुढची पिढी प्रवाहाची समीकरणे सोडवू शकेल. त्यासाठी आठवी-नववीच्या वर्गात गणित आणि भौतिकशास्त्राची भीती जाणे, एवढेच प्रथम घडावे लागेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. वर्गणी आणि देणगी यांचे मोल आहेच. पण वर्षातून एक दुपार शाळेलाही द्यावी. येताना आपल्या कामातील एखादा घासून चकाकणारा सुटा भाग, एखादे मोजमापाचे साधन, एखादा नाकारला गेलेला तुकडा सोबत आणावा. तो मुलांच्या हाती द्यावा, बोट फिरवून पाहू द्यावे, आणि हा का नाकारला गेला हे त्यांना विचारावे. पालकांनीही मुलगा किंवा मुलगी पंख्यावरची धूळ का उडत नाही असे विचारू लागली, तर तिला गप्प बसवू नये. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मूल कोठवर जाऊ शकते, याचा मार्ग वरील पानांत आम्ही आमच्या परीने दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.